पोटावर पाय कोण देतो?

आज दुपारी एका कारखानदारांचा फोन आला. आमच्याकडून सोडून गेलेल्या एका मुलीने त्यांच्याकडे अकाउंटंटच्या जागेसाठी अर्ज करून चौकशीसाठी माझे नाव दिले होते. तिचे हिशेब चोख असतात, जीएसटीचे रिटर्न तिने कधी उशिरा भरले नाही, सकाळी वेळेवर येणे मात्र तिला जमत नाही, तरीही जागा असती तर मी तिला पुन्हा घेतले असते, असे मी सांगितले. त्यावर ते म्हणाले, “म्हणजे घेऊ नये, असंच ना मॅडम?” हे ऐकून आमच्याच ऑफिसातील एकाने, मी त्या मुलीच्या पोटावर पाय दिला, असे मला सुनावले.

मला संताप येतो तो याचाच. सगळेच सगळ्यांविषयी “एकदम चांगला माणूस” म्हणत असल्यामुळे एक खरा दोष सांगणेही शिव्या देण्यासारखे वाटू लागले आहे.

भोसरीतील आमच्या कारखान्यात एक स्टोअरकीपर घेतला होता. त्याच्या आधीच्या मॅनेजरांनी “डोळे झाकून घ्या” असे सांगितले होते. पुढे भंगाराच्या गाड्यांच्या वजनकाट्याच्या पावत्यांत घोळ निघाला. नंतर तेच मॅनेजर एका लग्नात भेटले आणि जिलेबी खात शांतपणे म्हणाले, की त्यांच्याकडेही त्याने हेच केले होते, म्हणून राजीनामा घेऊन ते मोकळे झाले. पोलिसांत गेले नाहीत हे मी समजू शकते. पण मी थेट विचारले असताना खोटे का सांगितले?

कागदपत्रांचे म्हणाल, तर त्याचे रिलीव्हिंग लेटर स्वच्छ होते आणि पीएफच्या नोंदीत रुजू झाल्याची व सोडल्याची तारीखही बरोबर होती. काट्यावरचा घोळ पीएफच्या पासबुकात दिसत नाही.

मोठ्या कंपन्यांचे एचआर तर तारखा आणि हुद्दा यापलीकडे बोलतच नाहीत. त्यांना बदनामीच्या दाव्याची धास्ती असते. वास्तविक पूर्वीच्या भारतीय दंड संहितेच्या कलम 499 मध्ये समोरच्याच्या हितासाठी सद्भावनेने दिलेल्या इशाऱ्याला अपवाद होता आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्येही तो आहे. काही मालक आकसाने चांगल्या माणसाचेही वाईट सांगतात, हे खरे आहे; मान्य.

त्या मॅनेजरांना दया आली असेल, हे मला आता लिहिताना पटते आहे. त्या माणसाला घर होते, मुले होती. पण त्याच जागेसाठी आलेला दुसरा उमेदवार, ज्याच्या मालकाने “कामाला संथ, पण प्रामाणिक” असे सरळ सांगितले होते, त्याला आम्ही परत पाठवले. त्यालाही घर असेलच ना?

माझ्या मित्रयादीत कारखाने चालवणारे बरेच जण आहेत. मी फोन केला, तर एवढेच सांगा, की त्या माणसाला तुम्ही पुन्हा कामावर घ्याल का, आणि नसाल घेणार तर का.