इंगल्स कुटुंब एकटं नव्हतं

लॉरा इंगल्स वाइल्डर या अमेरिकन लेखिकेच्या ‘लिटल हाऊस’ पुस्तकांबद्दल एक मजकूर गेले काही महिने वाचणाऱ्या मंडळींमध्ये हातोहात फिरतो आहे. थोडक्यात तो असा: या कादंबऱ्या नाहीतच, एका मुलीच्या जशाच्या तशा खऱ्या आठवणी आहेत. तिच्या आईवडिलांनी कुणाचीच नसलेल्या ओसाड जमिनीवर घर बांधलं. सरकारकडून एक पैसा घेतला नाही, कुणापुढे हात पसरला नाही. आणि अशा लेखिकेवर आज तिच्याच देशात बंदी आहे. शेवटी सल्ला: मुलांना हे वाचायला द्या, म्हणजे त्यांना फुकटचं खायची सवय लागणार नाही.

मुलांना ही पुस्तकं द्या, एवढं मला पुरेपूर मान्य आहे. माझ्या मुलीला मी सगळी रात्री मोठ्यानं वाचून दाखवली, काही दोनदा. तिच्यापेक्षा मीच जास्त रमले असेन. म्हणूनच हा मजकूर खुपतो. त्यातलं जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचं आहे, आणि त्या चुकांखाली या कुटुंबानं खरोखर काय सोसलं तेच गाडलं जातं.

आधी ‘जशाच्या तशा आठवणी’. लॉराचा जन्म 1867 चा, विस्कॉन्सिनमधल्या पेपिनजवळचा. 1869 मध्ये कुटुंब कॅन्ससला गेलं आणि 1871 मध्ये परतलं. म्हणजे ‘लिटल हाऊस ऑन द प्रेअरी’ ज्या काळाची गोष्ट सांगतं, तेव्हा लॉरा दोन ते चार वर्षांची होती. पुस्तकातली लॉरा मात्र चांगली जाणती आहे, प्रश्न विचारते, वडिलांच्या मागे मागे फिरते. पुस्तकात धाकटी कॅरी आईच्या मांडीवर बसून कॅन्ससला येते. प्रत्यक्षात ती तिथे पोहोचल्यावर, 1870 मध्ये जन्मली. पुस्तकात घर इंडिपेंडन्स गावापासून 40 मैलांवर आहे, खरं घर साधारण 13 मैलांवर होतं. लेखिकेला स्वतःलाच ती जागा नीट ठाऊक नव्हती. आठवायला ती तेव्हा पुरेशी मोठीच नव्हती. वडिलांनी सांगितलेल्या, आईनं सांगितलेल्या, घरात पुन्हा पुन्हा बोलल्या गेलेल्या गोष्टींतून तिनं साठी ओलांडल्यावर ते घर उभं केलं.

आणि तिनं आधी खऱ्या आठवणीही लिहिल्या होत्या, हे फार कमी जणांना माहीत असतं. 1930 मध्ये तिनं ‘पायोनियर गर्ल’ हे आत्मकथन मोठ्यांसाठी लिहिलं. कुणी छापायला घेतलं नाही. मग त्याच सामग्रीतून मुलांसाठी कादंबऱ्या झाल्या, पहिली 1932 ची. मूळ आत्मकथन टीपांसह पुस्तकरूपात आलं ते थेट 2014 मध्ये. दोन्ही शेजारी ठेवून वाचली की काय वगळलं ते दिसतं.

सगळ्यात मोठं वगळलेलं माणूस म्हणजे फ्रेडी. चार बहिणींना एक भाऊ होता. 1875 च्या नोव्हेंबरात जन्मला, 1876 च्या ऑगस्टमध्ये गेला, पुरे दहा महिनेही जगला नाही. कादंबऱ्यांत तो कुठेच नाही. त्यानंतर कुटुंब आयोवातल्या बर ओक गावी गेलं, तिथे एका हॉटेलात काम केलं, आणि कर्ज फिटेना म्हणून एका रात्री अंधारात गाव सोडलं. तेही नाही. मालिकेत मिनेसोटातल्या प्लम क्रीकनंतर थेट काही वर्षं ओलांडली जातात आणि पुढचं पुस्तक उघडतं तेव्हा थोरली बहीण मेरी आंधळी झालेली असते. पहिल्यांदा वाचताना त्या उडीचा मला धक्का बसला होता, एखादं पान गळलंय की काय असं वाटलं होतं. त्या फटीत एक लहान मूल आहे, हे नंतर कळलं.

लेखिकेनं हे का गाळलं असेल ते समजू शकतं. मुलांसाठी लिहिताना काय ठेवायचं, काय नाही, याची निवड करावी लागते, आणि तिनं व तिची लेक रोज वाइल्डर लेन हिनं मिळून ती केली. रोज मुरलेली पत्रकार होती, आईच्या हस्तलिखितांवर तिचा हात मोठा होता. दोघींचा पत्रव्यवहार उपलब्ध आहे, त्यात प्रसंगांवरून वादही आहेत. कुणी म्हणतं सगळं लेकीनंच लिहिलं. मला ते पटत नाही, पत्रांत आई आपला मुद्दा सोडताना फारशी दिसत नाही. पण निवड झाली, रचना झाली, म्हणजे ती कादंबरीच आहे. कादंबरी म्हटल्यानं तिची किंमत कुठे कमी होते?

आता ‘कुणाचीच नसलेली ओसाड जमीन’. इथे मला जरा थांबायचं आहे.

कॅन्ससमधली ती जमीन ओसेज या मूळनिवासी जमातीच्या लोकांची होती. ही नंतर शोधून काढलेली बाब नाही. 1865 च्या करारात ओसेजांनी आपला बराच मुलूख सोडल्यावर जो तुकडा त्यांच्याकडे राहिला, त्यातच लॉराचे वडील चार्ल्स इंगल्स यांनी घर बांधलं. 1870 च्या जनगणनेत त्यांच्या कुटुंबाची नोंद आहे, पण जमिनीच्या किमतीचा रकाना रिकामा, कारण जमीन त्यांची नव्हती. आपल्या भाषेत सांगायचं तर सातबारा ओसेजांच्या नावे होता आणि इंगल्स कुटुंबाचं ते अतिक्रमण होतं. कायद्यानं ही जमीन वसाहतीला खुली झाली ती त्यानंतर: 1870 च्या जुलैत काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, कायदा केला, सप्टेंबरात ड्रम क्रीकला ओसेजांनी त्याला संमती दिली, आणि ते दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमाकडे निघाले.

मग ती ओसाड का दिसली? ओसेज दरवर्षी ठरावीक महिन्यांत गव्यांच्या शिकारीला पश्चिमेकडच्या मैदानांत जात आणि शिकार आटोपली की आपल्या वस्त्यांवर परत येत. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरलेल्या धनगरांचं गावातलं घर कुणी बेवारस म्हणत नाही. पण कॅन्ससच्या वसाहतकऱ्यांनी नेमकं तेच केलं. शिकारीवरून परतलेल्या ओसेजांना आपली पिकं, आपले घोडे, आपली घरं दुसऱ्यांच्या ताब्यात गेलेली दिसत. त्यांच्याकडे नेमलेले सरकारी एजंट आयझॅक गिब्सन यांनी वरिष्ठांना याच तक्रारी कळवल्या आहेत.

पुस्तक बारकाईनं वाचलं तर ही गोष्ट त्यातच दिसते. एका प्रकरणात वडील दोघी मुलींना घेऊन ओसेजांचा रिकामा तळ बघायला जातात. चुलींची राख, तंबूच्या खांबांचे खड्डे, पावलांचे ठसे. मुली मातीतून रंगीत मणी वेचून आणतात. ज्या जमिनीवर मणी सांडलेले आहेत तिला ओसाड कसं म्हणायचं? आणि शेवटी ओसेजांची लांबच लांब रांग घरापुढून जाते, तेव्हा छोटी लॉरा त्यातल्या एका तान्ह्या बाळाच्या काळ्या डोळ्यांकडे बघून ते बाळ मला हवं म्हणून हट्ट धरून रडते. तिला काय दिसलं ते ती सांगू शकत नाही. त्या पानावर माझा आवाज दोन्ही वेळा अडकला. लेखिकेला ही रांग पुस्तकाच्या मध्यात कुठेतरी उरकून टाकता आली असती. तिनं ती शेवटाशी ठेवली आणि ती गेल्यावर घरात कुणाला जेवण गेलं नाही असं लिहिलं.

ओसेजांनी कॅन्ससच्या जमिनीच्या पैशातून नवी जमीन चेरोकी जमातीकडून विकत घेतली, हे जाता जाता सांगायला हवं. फुकट कुणाला मिळालं आणि पैसे कुणी मोजले, याचा हिशेब मजकूर लिहिणाऱ्यांनी एकदा करून पाहावा.

आता ‘सरकारकडून एक पैसा घेतला नाही’. मजकुराचा सगळा डोलारा याच वाक्यावर आहे.

पुढे डकोटा टेरिटरीतली जमीन इंगल्स कुटुंबाला मिळाली ती 1862 च्या होमस्टेड कायद्याखाली. 160 एकर, थोडं नोंदणी शुल्क, आणि पाच वर्षं तिथे राहून कसायची अट. वडील म्हणतात की मी अंकल सॅमशी, म्हणजे सरकारशी, पैज लावली आहे. वाक्य गोड आहे, पण पैजेत जमीन लावणारा सरकारच होता. या कायद्याखाली पुढे सुमारे 27 कोटी एकर जमीन वाटली गेली, देशाच्या एकूण जमिनीच्या जवळपास एक दशांश.

त्याआधी मिनेसोटात टोळधाड आली. ‘ऑन द बँक्स ऑफ प्लम क्रीक’मधलं ते वर्णन ज्यानं वाचलं तो विसरत नाही. गहू हाताशी आलेला, आणि आकाशातून ढग उतरतो तो टोळांचा. ही धाड 1873 पासून 1877 पर्यंत त्या भागावर होती. पुस्तकात वडील पायी पूर्वेकडे मजुरीला जातात, फाटक्या बुटांनी. ते वाचून मन भरून येतं. जे पुस्तकात नाही ते असं: 1875 च्या हिवाळ्याच्या तोंडावर चार्ल्स इंगल्सनी अधिकाऱ्यांपुढे आपण पूर्णपणे निर्धन आहोत अशी शपथ लिहून दिली, कारण त्याशिवाय राज्याकडून टोळग्रस्तांना मिळणारं पीठ मिळत नव्हतं. त्यांना दोन अर्धी पिंपं पीठ मिळालं. त्याच महिन्यात घरात फ्रेडी जन्मला होता.

‘हात पसरला नाही’ असं म्हणणाऱ्यांनी हा माणूस डोळ्यांपुढे आणावा. फिडल वाजवणारा, मानी, कुणाचं उसनं ठेवायचं नाही म्हणणारा. शेजारी एडवर्ड्सनं छपरासाठी खिळे दिले तर ते मोजून परत करायचे ठरवणारा. त्याला त्या कचेरीत उभं राहून ती सही करायला काय लागलं असेल? माझ्या लेखी ते धैर्य टोळांशी लढण्याहून मोठं आहे. ते पुसून टाकणं म्हणजे त्याचा सन्मान कसा काय होतो?

आणि मेरीचं शिक्षण. पुस्तकांत घरातली पै न् पै मेरीच्या कॉलेजसाठी साठते. लॉरा दिवसाला 25 सेंटवर शर्ट शिवते, लहान वयात दूर जाऊन शाळेत शिकवते. हे कष्ट खरे होते. पण मेरी 1881 मध्ये आयोवातल्या व्हिंटनच्या अंधशाळेत गेली आणि 1889 पर्यंत शिकली, ती डकोटा टेरिटरीच्या सरकारनं शिकवणीचा खर्च उचलला म्हणून. डकोटात अंधांची शाळा नव्हती, त्यामुळे सरकार आपल्या मुलांना शेजारी पाठवून पैसे भरत होतं. घरच्यांनी कपडे, प्रवास, वरखर्च सांभाळला. लोकांच्या करातून एक आंधळी मुलगी शिकली. यात लपवण्यासारखं किंवा लाजण्यासारखं मला काहीच दिसत नाही.

लॉरा स्वतः पुढे मिझुरीतल्या मॅन्सफील्डला राहिली. तिथल्या शेतकर्ज संघटनेची ती बरीच वर्षं सचिव आणि खजिनदार होती. शेतकऱ्यांना मिळणारी कर्जं केंद्र सरकारच्या योजनेतली होती. नंतर राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या धोरणांवर तिचा आणि रोजचा राग होता हे खरं, आणि त्या रागाची सावली पुस्तकांवर पडली हेही मी मानते. पण पुस्तकांच्या आतच त्याला उत्तर आहे. ‘द लाँग विंटर’ घ्या. 1880–81 चा तो हिवाळा, रेल्वेगाड्या बंद, गावात धान्य संपलेलं. लॉराचा पुढचा नवरा अल्मांझो आणि गावातला कॅप गारलँड जिवावर उदार होऊन बर्फातून गहू आणतात आणि आणण्याचे पैसे घेत नाहीत. दुकानदार तो गहू दुपटीहून जास्त भावानं विकू लागतो तेव्हा सगळं गाव दुकानात जमतं, आणि लॉराचे वडील त्याला समजावून खरेदीच्या भावानं विकायला लावतात. गाव वाचतं ते असं.

कॅन्ससमध्ये सगळं घर हिवतापानं अंथरुणाला खिळलं होतं तेव्हा औषध देणारे डॉ. जॉर्ज टॅन हे कृष्णवर्णीय होते, ओसेजांवरही उपचार करत. ते पुस्तकात आहेत, लॉरानं त्यांना वगळलं नाही. फिरत्या मजकुरात त्यांना जागा मिळालेली नाही.

राहिली ‘बंदी’. ती कुठेही नाही. 2018 च्या जूनमध्ये अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या बालविभागानं आपल्या एका पुरस्काराचं नाव बदललं. 1954 मध्ये सुरू झालेला हा पुरस्कार आधी तिच्याच नावानं होता, पहिला तिलाच मिळाला होता. आता तो बालसाहित्य वारसा पुरस्कार आहे. पुस्तकं ग्रंथालयांत आहेत, दुकानांत आहेत, आणि वाचू नका असं त्या संघटनेनं म्हटलेलं नाही. नाव बदलायला हवं होतं की नाही यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. मला स्वतःला नाव ठेवून सोबत चार शब्द लिहिलेले आवडले असते. पण 1998 मध्ये मिनेसोटातल्या एका वर्गात हे पुस्तक मोठ्यानं वाचलं गेलं आणि डकोटा या मूळनिवासी जमातीची आठ वर्षांची एक मुलगी रडत घरी आली, हेही त्या निर्णयामागच्या चर्चेचा भाग आहे. मेलेला इंडियन (म्हणजे मूळनिवासी) तेवढाच चांगला, असं शेजारीण मिसेस स्कॉट पुस्तकात म्हणते. वडिलांना ते पटत नाही, पण वाक्य तिथे आहे, आणि त्या मुलीला ते वर्गात सगळ्यांसमोर ऐकावं लागलं.

वाचकांची अशी टीका लेखिकेला अपमान वाटली असती, असंही तो फिरता मजकूर सुचवतो. तिनं काय केलं ते नोंदलेलं आहे. 1935 च्या आवृत्तीत त्या प्रदेशात माणसं नव्हती, फक्त इंडियन राहत, अशा अर्थाचं वाक्य होतं. 1952 मध्ये एका वाचकाचं तक्रारीचं पत्र प्रकाशकांकडे आलं. लॉरा तेव्हा 85 वर्षांची होती. तिनं चूक आपली आहे असं लगेच मान्य केलं, इंडियन माणसंच आहेत असं लिहिलं आणि दुरुस्तीला परवानगी दिली. 1953 च्या आवृत्तीपासून ‘माणसं’च्या जागी ‘वसाहतकरी’ आहे. आमच्या घरच्या प्रतीत बदललेलाच शब्द आहे. त्या पानाच्या समासात मी पेन्सिलनं जुना शब्द लिहून ठेवला आहे.