वर्गणी पुण्यात भरली, मालिका म्युनिकला बंद

गेल्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आईला घेऊन धाकट्या भावाकडे म्युनिकला गेलो होतो. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. कर्वेनगरच्या घरी संध्याकाळी साडेसातची तिची मालिका कधी चुकत नाही. म्युनिकला तेव्हा दुपारचे चार वाजलेले असतात. पहिल्याच दिवशी चहा घेऊन ती टॅबसमोर बसली. टॅब टेकवायला भाजणीचा स्टीलचा डबा लावला होता. पडदा काळा झाला आणि ‘हा कार्यक्रम तुमच्या भागात उपलब्ध नाही’ असं आलं. आईने चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं आणि मला म्हणाली, ‘अरे, वर्षाचे पैसे भरलेत ना आपण?’

भरले होते. पुण्यातून, पुण्याच्या बँकेतून.

यामागचं कारण मला कळतं. मालिका असो की क्रिकेट, दाखवायचे हक्क देशागणिक वेगवेगळे विकले जातात. तुम्ही कुठे आहात हे ॲप तुमच्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून ठरवतं. म्युनिकच्या वायफायचा पत्ता जर्मनीचा, त्यामुळे ॲपच्या लेखी आई जर्मन प्रेक्षक. पण दोन महिन्यांसाठी लेकाकडे आलेली बाई म्हणजे काही जर्मनीतलं नवं गिऱ्हाईक नव्हे. तिच्यामुळे तिथल्या हक्कदाराचा एक रुपयाही बुडत नाही.

सगळे एकच उपाय सांगतात, व्हीपीएन लाव, म्हणजे आपलं इंटरनेट भारतातल्या सर्व्हरमधून फिरवून ॲपला आपण भारतातच आहोत असं भासवायचं. फुकटचं व्हीपीएन मी लावू दिलं नाही, कारण त्याच टॅबवर आईच्या पेन्शनचं बँक खातं आहे आणि आपलं इंटरनेटवरचं सगळं येणंजाणं कोणा अनोळखी माणसाच्या सर्व्हरमधून जाणार. पैसे भरून घेतलं, तर दोन दिवस चाललं आणि मग ॲपने तेही ओळखलं. त्यात २०२२ साली सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नोंद पाच वर्षं ठेवायला सांगितली, तेव्हा बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच हलवले. मुळात, ज्याचे पैसे मोजलेत ते लपूनछपून बघायची वेळ आईवर का यावी? याचा मला खरंच राग येतो.

शेवटी मावशी धावून आली. सहकारनगरच्या घरी ती टीव्हीसमोर व्हिडिओ कॉल लावून फोन धरून बसायची. पंधरा मिनिटांत तिचा हात भरून यायचा, फोन हळूहळू खाली यायचा आणि आम्हाला टीव्हीखालचं कपाट दिसायचं. आई इकडून म्हणायची, ‘सुमे, वर घे गं जरा.’ सहा आठवडे हे चाललं. मावशी स्वतः त्र्याहत्तरची आहे.

आकाशवाणीच्या ॲपवर मात्र पुणे केंद्र पहिल्या दिवसापासून लागलं. सकाळी ७ वाजून १० मिनिटांच्या बातम्या तिथे पहाटे ३ वाजून ४० मिनिटांनी. आईला नीट झोप लागत नव्हती, ती उशाशी फोन ठेवून त्या ऐकायची. विसर्जनाच्या दिवशी यूट्यूबवर कसब्याची पालखी पाहिली, तांबडी जोगेश्वरीची पाहिली. तिथे कुणी देश विचारला नाही.

आता मुद्द्याचं. आम्ही ज्या युरोपात अडकलो, तिथल्या लोकांचा हा प्रश्न १ एप्रिल २०१८ रोजीच सुटलाय. युरोपीय संघाचा नियम असा आहे की जर्मन माणूस काही दिवस स्पेनला गेला, तर पैसे भरून घेतलेली त्याची सेवा तिथेही तशीच चालली पाहिजे, जादा पैसे न घेता. कायद्याच्या दृष्टीने तो ती सेवा घरीच बसून बघतोय असं धरलं जातं. हक्कांचे करार मोडावे लागले नाहीत, बाजार कोसळला नाही. अर्थात हे संघातल्या देशांपुरतंच आहे, आपल्याला त्याचा उपयोग नाही.

पण तत्त्व तर घेता येईल! माझ्या ओळखीत दर दोन-चार घरांआड कोणी ना कोणी लेकीच्या बाळंतपणाला, नातवंडांना बघायला परदेशी जातं. युरोपातल्या बहुतेक देशांसाठी एकच असलेल्या शेंगेन व्हिसावर तर १८० दिवसांत ९० दिवसांच्या वर राहताच येत नाही, म्हणजे ‘तात्पुरतं’ कशाला म्हणायचं तेही ठरवणं सोपं आहे. वर्गणी भारतात भरलेली, मोबाइल नंबर भारतातला, मुदत ९० दिवस. पडताळणीला आणखी काय लागतं?

बाणेर-हिंजवडीला अशा ॲपवर काम करणारे कुणी हे वाचत असाल, तर हे तुमच्या मीटिंगमध्ये मांडा. हक्कांचे करार करणाऱ्यांपर्यंत पोचवा. मे महिन्यात आम्ही पुन्हा जाणार आहोत, आणि मावशीच्या उजव्या खांद्याला आता फिजिओथेरपी चालू आहे.