रस्सा रात्रभर ओट्यावर ठेवा म्हणे!

आखाड संपत आलाय आणि सांगलीतल्या आमच्या सगळ्या ग्रुपवर एकच फॉरवर्ड फिरतोय. मटणाचा रस्सा गरम असताना फ्रीजमध्ये ठेवला की विष होतं, रात्रभर ओट्यावरच झाकून ठेवा, सकाळी एक उकळी काढा की जंतू खलास, वास आला नाही तर बिनधास्त खा, आणि चिकन हळद-मीठ लावून नळाखाली खळाखळा धुवा. काकांनी पण टाकलाय, मावशीने पण, म्हणून लिहितोय.

आधी ती उकळी, कारण खरी गोम तिथंच आहे. उकळीने जंतू मरतात, मान्य, पण रात्रभरात त्यांनी सोडलेलं विष कुठं जातं? भातातला बॅसिलस सेरियस हा जंतू घ्या, त्याचे बीजाणू (म्हणजे कडक कवचातलं झोपलेलं रूप) भात शिजला तरी जिवंत राहतात, भात कोमट पडून राहिला की रुजतात आणि उलट्या करणारं विष बनवतात, ते १२१ अंशालाही टिकतं, म्हणजे कुकरच्या शिट्ट्यांनाही दाद देत नाही. गेल्या वर्षी रात्रीचा भात पातेल्यातच राहिला, सकाळी मीच फोडणी दिली, वास एक नंबर, आणि दुपारच्या आत दोन्ही पोरं ओकून आडवी! डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न, रात्रीचा भात खाल्ला का. वासाच्या मुद्द्याचं उत्तर पण यातच आलं.

आता फ्रीज. गरम अन्नाचं आत विष-बिष काही होत नाही. पण उकळतं तपेलं तसंच कोंबलं तर मधला रस्सा तासन्‌तास कोमट राहतो आणि शेजारचं दूध पण तापतं, म्हणून छोट्या पसरट डब्यांत काढायचं, परातीत गार पाणी घेऊन त्यात डबे ठेवायचे, वाफ गेली की आत, दोन तासांच्या आत हां. एप्रिल-मेमध्ये पारा ३२च्या वर असतो, तेव्हा एकच तास. ५ ते ६० अंशात जंतू भराभर वाढतात आणि ओट्यावरचं तपेलं रात्रभर त्याच तापमानात असतं.

हळद? सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, अभिमान आहेच, पण चमचाभर हळदीने कच्च्या चिकनमधला साल्मोनेला जंतू हटत नाही. नळाखाली धुतलं की शिंतोडे ओट्यावर, शेजारच्या कोथिंबिरीवर, आणि ती आपण कच्ची खातो. चिकन आतपर्यंत ७४ अंशाला शिजलं की जंतू जातात, ते काम गॅसचं. धुवायचंच असेल (आई ऐकणार नाही, माहितेय) तर पातेल्यात पाणी घेऊन हळू धुवा, मग सिंक आणि हात साबणाने.

राहिलं "आजी असंच करायची". माझ्या आजीकडे फ्रीजच नव्हता, त्यामुळे ती उरेल एवढं करायचीच नाही, आणि उरलंच तर रात्रीच शेजारी वाटी जायची.