दारावरचा कागद

आमच्या दारावर तोरणाखाली एक कागद चिकटवलाय. अजून 26 दिवस तो तिथेच राहणार. पोरं सोडायला येणारे आईबाप आधी तो वाचतात, मग माझ्याकडे बघतात.

सोमवारी सव्वादहाला, एकाचं डायपर अर्धं बदललेलं असताना बेल वाजली. फ्रीमॉंटमध्ये घरी पाळणाघर चालवायला कॅलिफोर्नियाचा परवाना लागतो, आणि परवाना आला की तपासणीच्या बाई न सांगता येऊ शकतात. आल्या. धुराचा अलार्म वाजवून पाहिला, आपत्ती-कवायतीची नोंद पाहिली, तान्ह्यांच्या झोपेची वही पाहिली. दर 15 मिनिटांनी त्यांचा श्वास बघून लिहायचं असतं. (माझा श्वास कोण बघतं, याला रकाना नाही.) सगळं चोख. मी मनातल्या मनात चहाचं आधणही ठेवलं.

तेवढ्यात त्यांना कोपऱ्यातला पांगुळगाडा दिसला. सासूबाईंनी साताऱ्याहून सुटा करून बॅगेतून आणलेला.

"हा वॉकर का?" इथे पाळणाघरात बेबी वॉकर वापरायलाच काय, नुसता ठेवायलाही बंदी. मी तोंड उघडायच्या आत सासूबाई सोफ्यावरून कडाडल्या, "वॉकर? मला? सांग तिला, अजून अजिंक्यतारा चढते मी!"

मी भाषांतर केलं, "त्या म्हणतात, डेकोरेशनचा आहे."

'डेकोरेशन' त्यांना कळतं. "शोभेचा कशाला? तुझा नवरा यावरच चालायला शिकला. हे बघ गं बाई..." आणि 71 वर्षांच्या सासूबाई पदर खोचून, कमरेत वाकून निघाल्या. खडखड खडखड. मागे चार पोरांची दिंडी. बाई भिंतीला चिकटल्या. "यात मूल बसत नाही, मागे उभं राहून ढकलतं," मी ओरडून सांगत होते.

"आत्ता त्या ढकलताहेत तसं?"

"हो."

त्यांनी लिहून घेतलं. काय, ते देव जाणे.

घरात राहणाऱ्या मोठ्या माणसांना बोटांचे ठसे द्यावे लागतात, तेव्हाही हीच तऱ्हा. चाळीस वर्षं भाकऱ्या थापून त्यांच्या बोटांवरच्या रेषाच झिजल्यात. यंत्र तीनदा नाही म्हणालं. "चोरी करायची तर आता," परतताना गाडीत त्या म्हणाल्या.

पांगुळगाडा शेजारच्या गुजराती काकूंकडे गेला, प्रकरण मिटलं. घात केला तो देवघरानं. खालच्या फळीवर, रांगत्या पोराच्या बरोब्बर नाकासमोर, कापराची उघडी डबी. पांढऱ्याशुभ्र वड्या, थेट खाऊ. कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येतात, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणूनच जास्त झोंबलं. बाईंचं चुकलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं. 'ए' प्रकारची, म्हणजे मुलांना थेट धोका असलेली त्रुटी, कागद 30 दिवस दारावर, वर प्रत्येक पालकाला एकेक प्रत.

ठीक आहे, चुकले. पण साडेपाचला न्यायचं पोर सव्वासहाला नेणाऱ्यांचा कागद कुठल्या दारावर लावायचा? औषधानं ताप उतरवून "रात्री छान झोपला हं" म्हणत सोपवून पळणाऱ्यांचा? त्यांतल्याच एका बापानं काल माझ्या कागदाचा फोटो काढला.

सासूबाईंच्या मते दारावर नुसता पांढरा कागद अशुभ. आज सकाळी पाहते तर चारही कोपऱ्यांवर कुंकवाची बोटं उमटलेली. लालभडक, आणि रेष म्हणून एकातही नाही.