पंचवीस जूनचा सातबारा

आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मित्र रोज सकाळी दिनविशेष टाकतो. घटना, जन्म, निधन. वाचत कुणी नाही, पण एखाद्या दिवशी आला नाही की दोघंतिघं हमखास विचारतात. या पंचवीस जूनला त्याने १९८३ चा विश्वचषक सगळ्यात वर टाकला आणि १९७५ ची आणीबाणी त्याच्याखाली. जेवणाच्या वेळेपर्यंत दोघं ग्रुप सोडून गेले होते.

एकाचं म्हणणं, ज्या दिवशी लोकशाहीचा गळा घोटला त्या दिवशी बॅट-बॉल आठवणाऱ्यांना लाज वाटायला हवी. दुसऱ्याचं म्हणणं, २०२४ च्या जुलैमध्ये सरकारने अधिसूचना काढून हा 'संविधान हत्या दिवस' ठरवला, तोवर तुम्हीही दरवर्षी कपिल देवचाच फोटो टाकत होतात. मी मध्ये पडून लिहिलं, बाबांनो, एका तारखेला दोन गोष्टी घडू शकतात. त्यावर उत्तर आलं, 'तू कोरियात बसून अक्कल शिकवू नकोस.'

बसून! पांढऱ्या सूटमध्ये डोळे तेवढे उघडे ठेवून मी दिवसभर क्लीनरूममध्ये उभा असतो, हे त्याला कोण सांगणार? असो.

मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. आपल्याकडे तारखेचाही सातबारा झालाय. मालकाच्या रकान्यात एकच नाव हवं, बाकीच्यांना फार तर 'इतर हक्कां'त जागा. आणि नाव लावायला धावणाऱ्यांना त्या दिवसाची माहिती तरी असावी की नाही? आणीबाणीवरून तावातावाने लिहिणाऱ्या माझ्या मित्राला दुर्गाबाई भागवत ठाऊक नव्हत्या. १९७५ च्या डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा म्हणून, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण समोर असताना, त्या आणीबाणीविरुद्ध बोलल्या आणि पुढे तुरुंगातही गेल्या. आणि कपिलवाल्यांपैकी एकालाही सांगता आलं नाही, की पंचवीस जूनचं आणि लॉर्ड्सचं नातं १९८३ च्या कितीतरी आधीचं आहे.

भारताचा पहिलावहिला कसोटी सामना याच तारखेला, याच मैदानावर सुरू झाला, १९३२ साली. कर्णधार नागपूरचे सी. के. नायडू. दौऱ्याचे कर्णधार खरं तर पोरबंदरचे महाराज होते, पण कसोटीच्या वेळी ते बाजूला राहिले. मोहम्मद निसारने सुरुवातीलाच अशी आग ओकली, की इंग्लंडची अवस्था ३ बाद १९. भारताकडून पहिला चेंडू खेळले ते आपले पुण्याकडचे जनार्दन नवले. सामना आपण १५८ धावांनी हरलो. ही ओळही त्या दिनविशेषात होती, तळाशी. तिच्यावर कुणी भांडलं नाही, कारण तिच्यातून आज कुणाला काही मिळण्यासारखं नाही. जन्माच्या रकान्यात मोतीहारीत जन्मलेले जॉर्ज ऑर्वेल होते, सुचेता कृपलानी होत्या, विश्वनाथ प्रताप सिंह होते. तेही सुटले.

मग मी आणखी दोन गोष्टी टाकल्या. पहिली, १९७५ लाही आणि १९८३ लाही पंतप्रधान इंदिरा गांधीच होत्या, आणि विश्वचषक घेऊन आलेल्या संघाचं दिल्लीत कौतुक त्यांनीच केलं. यावर दोन्ही बाजू माझ्यावर उखडल्या. दुसरी, राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या हुकमावर सही केली ती पंचवीसच्या मध्यरात्रीच्या थोडी आधी. लोकांना कळलं ते सव्वीसच्या सकाळी, रेडिओवरून. म्हणजे ज्यांनी ते दिवस काढले त्यांच्या आठवणीतली तारीख सव्वीस, आणि सव्वीस जून म्हणजे राजर्षी शाहू महाराजांची जयंती, आपल्या राज्याचा सामाजिक न्याय दिन. आता काय त्यांनाही खाली सरकवणार?

इथे कोरियात पंचवीस जून म्हटलं की कुणाला काही समजावावं लागत नाही. युद्धाचं नावच ती तारीख आहे, युगिओ, म्हणजे सहा-दोन-पाच. १९५० च्या त्या रविवारी पहाटे उत्तरेचं सैन्य अडतिसावा अक्षांश ओलांडून आलं आणि तीन दिवसांत सोल पडलं. १९५३ च्या जुलैत युद्धबंदी झाली, शांतता करार आजतागायत नाही. आता माझा मुद्दा. २००२ च्या फुटबॉल विश्वचषकात कोरिया उपांत्य फेरीत पोहोचला आणि जर्मनीशी सामना आला तो नेमका पंचवीस जूनला, सोलमध्ये. आमचे तिमजांग, म्हणजे ऑफिसातले टीमप्रमुख, तेव्हा कॉलेजात होते. सगळ्यांबरोबर तेही लाल टी-शर्ट घालून सिटी हॉलसमोरच्या गर्दीत. त्यांचे आजोबा उत्तरेतून जीव घेऊन आलेले. त्या पिढीला लाल रंग म्हणजे कम्युनिस्ट, घरात लाल कपडा चालायचा नाही. आणि युगिओच्या दिवशी अख्खं शहर लाल. जर्मनीच्या बालाकने ७५ व्या मिनिटाला गोल केला, कोरिया हरला. 'आजोबा काय म्हणाले?' मी विचारलं. 'गोलकीपरला शिव्या दिल्या,' तिमजांग म्हणाले.

हे मी ग्रुपवर मोठ्या अभिमानाने लिहिलं, जणू तो टी-शर्ट मीच घातला होता. चारच दिवसांनी, तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्याच्या दिवशी, पिवळ्या समुद्रात उत्तरेबरोबरच्या चकमकीत दक्षिणेचे सहा नौसैनिक गेले, आणि तेव्हा देश फुटबॉल बघत होता यावरून इथेही अजून बोललं जातं. पण तो वेगळा विषय.

दुसरा हुकमी पत्ता ३ डिसेंबर २०२४ चा. रात्री साडेदहाच्या सुमारास राष्ट्राध्यक्षांनी मार्शल लॉ जाहीर केला. आईचा फोन, 'दूध-पाणी भरून ठेव.' मी टीव्हीसमोर बसून होतो. खासदार कुंपणावरून उड्या मारून संसदेत शिरत होते. आत पोहोचलेल्या १९० जणांनी एकमताने तो फेटाळला आणि उजाडायच्या आत सगळं मागे घ्यावं लागलं. पुढच्या एप्रिलमध्ये घटना न्यायालयाने राष्ट्राध्यक्षांना घरी पाठवलं. मी लिहिलं, आपल्याला एकवीस महिने लागले, यांना सहा तास.

हे मी कौतुकाने काकांनाही ऐकवलं. आमचे काका आणीबाणीत दीडेक वर्ष येरवड्याला होते. ते म्हणाले, 'अरे, कुंपणावरून उड्या मारायला खासदार बाहेर असावे लागतात. आमचे पहाटेपर्यंत आत टाकले होते.' यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मागाहून इथला इतिहास चाळला तेव्हा कळलं, की १९७५ च्याच मे महिन्यात इथले तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांनी आणीबाणीचा नववा हुकूम काढून संविधानाविरुद्ध बोलणंच गुन्हा ठरवलं होतं. तो हुकूम आपल्या आणीबाणीपेक्षा जास्त टिकला. ग्वांगजूचं मे १९८०, लष्कराने चिरडलेला लोकांचा उठाव, त्यानंतरचं. त्या सहा तासांमागे हे सगळं होतं, आणि इथली पोरं ते तारखांच्या आकड्यांनीच शिकतात. मग आणीबाणीला एक ठरलेला दिवस हवा म्हणणारा माझा मित्र अगदीच चुकत नाही. फक्त त्यासाठी कपिलला बाहेर काढायची गरज नाही. वर आमचे बाबा. सख्खा भाऊ तुरुंगात असून 'पण गाड्या वेळेवर धावायच्या' म्हणायचे. आणि माझे इथले म्हातारे घरमालक पार्कबद्दल म्हणतात, 'ते नसते तर बुसानचा एक्स्प्रेसवे झाला नसता.' हुबेहूब तोच सूर. मी दोघांपुढेही मान हलवत आलोय.

६ जूनला इथे युद्धात गेलेल्या सैनिकांसाठी सकाळी दहाला सायरन वाजतो आणि मिनिटभर सगळं थांबतं. मीही थांबतो. त्याच सकाळी फोनवर रायगड असतो, शिवराज्याभिषेक, आणि त्याखाली ठरलेला वाद, तारीख खरी की ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. सायरन संपेपर्यंत मी कुणासाठी उभा असतो, हे मला नीट सांगता येत नाही. यांचे सैनिक माझे कुणी नव्हेत, आणि रायगडावर मी शेवटचा शाळेच्या सहलीबरोबर गेलो होतो. इथे कुणी भारताबद्दल विचारलं की मी मेजर जनरल थोरातांचं नाव काढतो. युद्धबंदीनंतर मायदेशी परतायला नकार देणारे कैदी सांभाळायला भारतीय तुकडी आली होती, तिचे प्रमुख, आमच्या कोल्हापूरकडचे. समोरचा 'अऽ, हो का' म्हणतो आणि जेवायला लागतो. दुसऱ्याच्या तारखेवर आपलं नाव चढवायची खोड एकट्या ग्रुपवाल्यांना नाही.

माझा जन्म १९८४ चा. आणीबाणी मी काकांकडून ऐकली, लॉर्ड्स यूट्यूबवर पाहिलं, युगिओ ऑफिसात कळलं. तिन्ही उसने. ग्रुपवर कपिलचा फोटो टाकला की मी अजून तुमच्यातलाच आहे याची पावती मिळते, म्हणून मीही दरवर्षी टाकत आलोय. ती पावती यंदा नाकारली गेली, म्हणून इतकं झोंबलं असणार. भांडणाऱ्यांना निदान तिथल्या रस्त्यावर रोज उतरावं लागतं. माझ्याकडे त्या गावची तारीख तेवढी उरली आहे, तीही इथे साडेतीन तास आधी उजाडते.

शेवटी काकांनाच विचारलं. 'काका, पंचवीस जून ८३ ला तुम्ही कुठे होता?'

'घरी. रेडिओला कान लावून.'

'आठ वर्षांपूर्वी याच रात्री तुम्हाला उचलून नेलं होतं, ते आठवलं का हो?'

'अरे, रिचर्ड्स खेळत होता! तेहतीस झाले होते त्याचे. तेव्हा काय कुणाला तुरुंग आठवतोय?'