म्हणे ‘ऐकलेलं फक्त 5 टक्के लक्षात राहतं’!

शिक्षकांच्या ग्रुपवर तो ‘लर्निंग पिरॅमिड’, म्हणजे कोणत्या पद्धतीने शिकलेलं किती टक्के लक्षात राहतं हे सांगणारं चित्र, परत फिरायला लागलाय. टोकावर व्याख्यान 5 टक्के, मग वाचन 10, दृकश्राव्य 20, प्रात्यक्षिक 30, गटचर्चा 50, स्वतः करून बघणं 75 आणि तळाला दुसऱ्याला शिकवणं 90. खाली ठळक अक्षरात, ‘म्हणून फळ्यासमोर शिकवणं बंद करा’. त्याखाली अंगठ्यांची रांग.

आधी आकडेच घ्या. खऱ्या पोरांवर प्रयोग केला तर सगळे निकाल असे गोल येतात होय? एखादा 47 नाही, 62 नाही. आणि टक्के नेमके कशाचे? कितवीची मुलं, कोणता विषय, आणि विचारलं कधी, तासाभराने की दिवाळीच्या सुट्टीनंतर? चित्र अमेरिकेतल्या नॅशनल ट्रेनिंग लॅबोरेटरीज या संस्थेच्या नावावर खपतं, आणि मूळ संशोधन मागितलं तर ते आता आमच्याकडे नाही असं ती संस्थाच सांगत आलीय.

‘एडगर डेलनी सिद्ध केलंय’ हा दुसरा दावा. डेल या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी 1946 ला अनुभवांचा शंकू मांडला हे खरं, पण त्यात टक्का एकही नव्हता, कुठला अनुभव किती मूर्त आणि किती अमूर्त एवढंच होतं, आणि हे शब्दशः घेऊ नका असंही त्यांनीच बजावलं होतं. टक्केवारी दिसते ती 1967 च्या एका मासिकात, मोबिल ऑइल कंपनीतल्या ट्रायक्लर नावाच्या माणसाच्या लेखात, आधार काही नाही. गंमत म्हणजे तिथे वाचलेलं 10 आणि ऐकलेलं 20, म्हणजे ऐकणं वाचण्याच्या दुप्पट, आणि आपल्या पिरॅमिडात व्याख्यान वाचनाच्या निम्मं! कुणाचं खरं धरायचं?

आता मला खरा राग येतो तो मुद्दा, ‘समजावू नका, मुलांना करू द्या’. दुसरीच्या वर्गात 52 मधून 27 वजा करायला द्या आणि काही न सांगता गप्प बसा. बरीच मुलं 35 लिहितील, कारण 2 मधून 7 जात नाही मग 7 मधूनच 2 काढून टाकले. अशी दहा गणितं ‘स्वतः करून’ तीच चूक दहा वेळा पक्की होते. तेच तुम्ही काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या समोर ठेवल्या, एक गठ्ठा सोडला, आता 4 दशक 12 एकक झाले बघा असं बोलत बोलत दोन उदाहरणं पूर्ण सोडवून दाखवली, की तिसरं उदाहरण मूल आपणहून करतं. हे नुसतं अनुभवाचं नाही. स्वेलर आणि कूपर या संशोधकांनी 1985 मध्ये बीजगणितावर हेच तपासलं, आधी सोडवलेली उदाहरणं अभ्यासलेल्या मुलांनी तशीच गणितं लवकर आणि कमी चुकांत सोडवली. मुलाला जमायला लागलं की मात्र सोडवून दाखवणं कमी करायचं, नाहीतर ते कंटाळतं.

‘वाचलेलं 10 च टक्के राहतं’ याचा निकाल रोएडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात लागतो. कॉलेजच्या मुलांना उतारा दिला, काहींनी तो दोनदा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर दोनदा वाचणारे पुढे, 81 टक्क्यांना 75. आठवड्याने उलटं, 42 ला 56. उतारा तोच, वाचन दोघांनीही केलेलं, पण आठवायला लावलं की नाही आणि किती दिवसांनी विचारलं यावर आकडा फिरला. (आणि वाचन 10 टक्क्यांवर कुठेच नाही, हेही बघून ठेवा.)

राहिलं दुसऱ्याला शिकवणं 90 टक्के. ज्याला 35 च बरोबर वाटतंय तो गटप्रमुख चार जणांना 35 च शिकवणार, सोडा.

पाठ आखायचाच असेल तर पहिली पाच मिनिटं पाट्या काढा, वही बंद, कालचं एक आणि मागच्या आठवड्यातलं एक गणित. पाट्या वर करायला लावा, कोण कुठे अडलंय ते लगेच दिसेल, आणि जिथे जास्त पोरं अडलीत तिथूनच फळ्यावर सुरू करा.