‘फसलेला स्टंट’ कसा?

उघडपणे समलिंगी असलेल्या होजे सारियाने १९६१ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरमंडळाची निवडणूक लढवली, तिला त्याच्यावरच्या तुमच्या लेखात ‘फसलेला स्टंट’ म्हटलंय. हे अजिबात पटलं नाही. ब्लॅक कॅट बारमध्ये बायकी पोशाखात ऑपेराची विडंबनं गाणारा माणूस तो, जिंकणार कुठून? पण ५,५०० हून जास्त मतं पडली. पोलिसांच्या धाडीला घाबरून नाव लपवणारे समलिंगी लोक मतपेटीत मोजता येतात, हे शहराला पहिल्यांदाच कळलं. हार्वी मिल्क हा उघडपणे समलिंगी उमेदवार त्याच मंडळावर निवडून आला तो १९७७ मध्ये, म्हणजे १६ वर्षांनी.

आणि लेखात चिठ्ठ्यांचा किस्सा कसा राहिला? ‘फसवण्याच्या हेतूने’ स्त्रीवेश घेणं तिथे गुन्हा होता. सारियाने काळ्या मांजराच्या तोंडाच्या चिठ्ठ्या वाटल्या, त्यावर लिहिलेलं: ‘मी मुलगा आहे’. आता फसवणूक कसली? पोलिसांची पंचाईत!

मुलाकडे गेले होते तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या कोल्मा गावच्या दफनभूमीत सारियाची कबर पाहिली. एकोणिसाव्या शतकात स्वतःला अमेरिकेचा सम्राट म्हणवणाऱ्या नॉर्टन नावाच्या वल्लीच्या कबरीजवळच आहे. सारिया स्वतःला त्या नॉर्टनची ‘विधवा’ म्हणवून घ्यायचा, नॉर्टन १८८० मध्येच वारलेला असताना! मला तिथे उभ्याउभ्या हसू आलं, मुलगा मात्र ओशाळला.